अस्तकाळाचा नायक : त्रिंबकजी डेंगळे आणि ‘झेप’

देहूहून निघणारी तुकोबांची पालखी आषाढीला ज्या पंढरपुरात पोहोचते, त्याच पंढरपुरात १८१५ च्या आषाढी यात्रेत, देवदर्शनाहून परतत असताना, गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. शास्त्री हे गायकवाडांचे वकील. हिशेबाच्या वादाची तड लावण्यासाठी ते इंग्रजांच्या हमीवर पेशव्यांच्या दरबारी आले होते. यात्रेस दुसरा बाजीराव स्वतः हजर होता. संशय त्याचा विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर गेला. रेसिडेंट एल्फिन्स्टनने त्याला ताब्यात मागितले. पुढे तीन वर्षांत पेशवाईच उरली नाही. ना. सं. इनामदार यांनी ‘झेप’ (१९६३) ह्या कादंबरीचा नायक केला तो हाच त्रिंबकजी.

ही निवड त्या काळी धाडसाची होती. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून (१८७१) मराठी ऐतिहासिक कादंबरीला शिवकाळाची ओढ आहे. ‘उषःकाल’सारख्या कादंबरीत संकट कितीही गडद झाले तरी पुढे उदय आहे, ह्याची वाचकाला खात्री असते. अस्तकाळाच्या कादंबरीत ती खात्री उलटी होते. नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढणार, हे पहिल्या पानाआधीच ठाऊक असते. मग ‘पुढे काय होणार’ ही उत्कंठा लेखकाने आणायची कोठून? ती घटनेच्या परिणामातून काढून पात्राच्या हेतूत ठेवावी लागते. आपण काय करतो आहोत हे ह्या माणसाला किती कळत होते, हा प्रश्न तेथे कथानक पुढे नेतो.

हाच पेच उत्तर रोमन साम्राज्यावरील कादंबऱ्यांतही आढळतो. रॉबर्ट ग्रेव्हज यांची ‘काउंट बेलिसारियस’ (१९३८) सम्राट जस्टिनियनच्या सेनापतीची कथा सांगते. रणात जिंकणारा हा सेनापती दरबारात मात्र संशयाचा धनी ठरतो. त्याची माहिती मुख्यतः प्रोकोपियसकडून मिळते, आणि प्रोकोपियसने तर युद्धांचा इतिहास लिहून शिवाय त्याच मंडळींवर चिखलफेक करणारा एक गुप्त इतिहासही लिहून ठेवला. एका लेखणीची दोन तोंडे असल्याने ग्रेव्हजना निवड करण्याची मोकळीक होती. इनामदारांपुढील अडचण अधिक बिकट होती. त्रिंबकजीची प्रतिमा प्रामुख्याने एल्फिन्स्टनचे खलिते आणि ग्रँट डफचा इतिहास (१८२६) यांतून रूढ झाली. जासुदाच्या चाकरीतून वर चढलेला हा मनुष्य त्या लेखनात कारस्थानी आणि उर्मट असाच दिसतो. खलित्यांचा लेखक तर खटल्यातील फिर्यादीच होता.

गंमत अशी, की त्रिंबकजीच्या आयुष्यातील सर्वांत साहसी प्रसंगही शत्रुपक्षानेच आवडीने जपला. सप्टेंबर १८१६ मध्ये तो ठाण्याच्या किल्ल्यातून निसटला. एका मोतद्दाराने तटाखाली घोड्याची चाकरी करता करता गाण्यातून त्याला सुटकेचा बेत कळविला आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना त्यातले अक्षरही उमगले नाही, अशी हकीकत बिशप हेबर यांच्या प्रवासवर्णनात (१८२८) आली आहे. हेरगिरी, सांकेतिक भाषा, बेसावध पहारा ही अद्भुतरम्य कादंबरीची सारी सामग्री येथे आयतीच मिळते. परंतु तिच्यावर विसंबणारा लेखक फसण्याचा संभव असतो, कारण सुटकेचा थरार वाचकाला पंढरपूरच्या त्या रात्रीचा विसर पाडतो.

तिरस्कृत पुरुषाला नायकपद देणाऱ्या कादंबरीची खरी परीक्षा ह्या विसराशी आहे. इनामदारांनी पुढे ‘झुंज’मध्ये (१९६६) यशवंतराव होळकर आणि ‘मंत्रावेगळा’मध्ये (१९६९) खुद्द दुसरा बाजीराव निवडला, तेव्हा हा पुनर्विचार त्यांच्या लेखनाची दिशाच ठरला. त्यातून इंग्रजी इतिहासलेखनाचा एकतर्फीपणा सामान्य वाचकापर्यंत पोहोचला, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र त्रिंबकजीच्या बाजूने सहानुभूती वळताच गंगाधरशास्त्री हे इंग्रजांचे प्यादे एवढेच उरण्याचा धोका निर्माण होतो. एका दरबाराचा वकील दुसऱ्या दरबाराच्या आश्रयात, यात्रेच्या गर्दीत मारला जातो, ह्या घटनेचे वजन नायकाच्या निर्दोषत्वाने कमी होत नाही. त्रिंबकजी १८१८ मध्ये पुन्हा पकडला गेला आणि १८२९ मध्ये चुनारच्या किल्ल्यात कैदेतच वारला. त्याला मराठी कादंबरीत वकील मिळाला. शास्त्र्यांची बाजू मांडणारी तशी कादंबरी मात्र अभ्यासक्रमांत वा वाचकांच्या चर्चेत दिसत नाही.