दटावणाऱ्या बोटाचं नाव

अंगठ्याशेजारच्या बोटाला तर्जनी म्हणतात, हे शाळेतच कळतं. त्या नावात 'तर्ज्' हा रागावण्याचा, धाक घालण्याचा जुना धातू आहे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मराठीत आज दटावतात, खडसावतात, दरडावतात, झापतात. 'तर्जतो' असं कुणाच्या तोंडी नाही.

त्याचा नेमका अर्थ काय? पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात 'तर्ज्'चा अर्थ भर्त्सन असा दिला आहे आणि 'भर्त्स्'चा अर्थ तर्जन. वर्तमानपत्रांतली 'निर्भर्त्सना' याच 'भर्त्स्'पासून आलेली. पण एवढ्यानं अर्थ उलगडत नाही. तो उलगडतो नात्यातल्या भाषांकडे पाहिल्यावर. ग्रीकमध्ये 'तार्बोस' म्हणजे भीती, लॅटिनमध्ये 'तोर्वुस' म्हणजे उग्र नजरेचा. भाषाशास्त्रज्ञ त्यांचं आणि 'तर्ज्'चं मूळ एकच मानतात. मूळ धातूच्या शेवटी ओठ गोल करून उच्चारलेला 'ग्व'सारखा ध्वनी होता. ग्रीकांनी त्याचा 'ब' केला, लॅटिनमध्ये 'व' झाला. संस्कृतात त्याचा 'ग' झाला आणि पुढे 'ए'सारखा स्वर असल्यामुळे त्या 'ग'चा 'ज'. म्हणजे या धातूच्या तळाशी भीती आहे. चूक दाखवून समजावणं त्यात येत नाही. सुंदरकांडात अशोकवनातल्या राक्षसी रावणाला वर, नाहीतर खाऊन टाकू, असं सीतेला धमकावतात. ते खरं तर्जन.

रागावताना आवाजाचं काय होतं, याचीही नोंद झालेली आहे, आणि तीही इसवी सनापूर्वी 5व्या-4थ्या शतकाच्या सुमारास! पाणिनीचं सूत्र (8.1.8) सांगतं की रागात किंवा धमकावताना वाक्याच्या आरंभीची हाक दोनदा येते. दुसरं सूत्र (8.2.95) त्याही पुढे जातं: धमकावताना दुसऱ्या हाकेचा शेवटचा स्वर प्लुत होतो, म्हणजे तीन मात्रांपर्यंत लांबतो. 'गण्या... गण्याऽऽ!' अशी हाक कोणत्याही वाड्यात किंवा चाळीत आजही ऐकू येते. बोलणाऱ्या माणसांकडे इतक्या बारकाईनं कान देणारा व्याकरणकार जगात विरळाच.

आवाजाच्या जोडीला बोट आलंच. म्हणून ती तर्जनी, धाक दाखवणारी. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात (पूर्ण झालं 1010 साली) अवाढव्य द्वारपाल हीच तर्जनी मुद्रा धरून उभे आहेत. बौद्ध मूर्तिशास्त्रातही उग्र देवता उभारलेल्या तर्जनीनं ओळखू येतात. जपमाळ ओढताना याच बोटाचा स्पर्श टाळतात.

तुलसीदासांनी 1574 मध्ये लिहायला घेतलेल्या 'रामचरितमानसा'त लक्ष्मण परशुरामाला सुनावतो की तर्जनी पाहताच मरून जाणारं कोवळं भोपळ्याचं फळ इथे कुणी नाही. वेलीवरच्या कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, ही समजूत मराठी घरांतही ऐकू येते. खरं कारण वेगळं आहे. भोपळ्याच्या मादी फुलाखाली इवलंसं फळ फूल उमलण्याआधीच दिसू लागतं. मधमाश्यांनी नर फुलातले पुरेसे परागकण तिथवर आणले नाहीत, तर ते काही दिवसांत पिवळं पडून गळतं, मग कुणी बोट दाखवलेलं असो वा नसो.