भागाकाराची शिकवणूक

बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार या तिन्ही क्रिया उजवीकडून, म्हणजे एककाच्या घरापासून, करावयाच्या असतात हे ज्याच्या अंगवळणी पडलेले असते, त्या मुलापुढे प्राथमिक शाळेत भागाकार येतो, आणि तो मात्र डावीकडून, सर्वांत मोठ्या स्थानापासून, आरंभ करावयास सांगतो. या उलट क्रमाचे कारण न उलगडता ‘भाग लावा, गुणा, वजा करा, पुढचा अंक खाली घ्या’ एवढी रीतच घोकून घेतली, तर मूल काही काळ उदाहरणे बिनचूक सोडवील. परंतु अंकांची ठेवण किंचित बदलताच ते अडेल, आणि आपण कोठे अडलो हेही त्याला उमगणार नाही.

म्हणून आरंभ प्रत्यक्ष वाटणीपासून व्हावा. शंभराच्या ८ नोटा, दहाच्या ३ नोटा आणि रुपयाची २ नाणी, असे ८३२ रुपये चौघांत समान वाटावयाचे आहेत. शंभराच्या नोटा प्रत्येकी २ येतात. दहाच्या ३ नोटांतून एकेकही सर्वांना पुरत नाही, म्हणून दशकाच्या घरात शून्य. त्या नोटा मोडून ३० रुपये सुटे केले आणि जवळचे २ त्यांत मिळवले, की ३२ होतात व प्रत्येकी ८ मिळतात. उत्तर २०८. मोठ्या स्थानावर जे उरते ते मोडून लहान स्थानात मिळवता येते, म्हणूनच भागाकार डावीकडून चालतो. आणि ‘पुढचा अंक खाली घेणे’ म्हणजे वस्तुतः ही मोड करणेच होय. हे हातांनी केलेले मूल मधले शून्य गाळून २८ हे उत्तर लिहिण्यास सहसा धजणार नाही, कारण शंभराच्या दोन-दोन नोटा प्रत्येकाला मिळालेल्या त्याने पाहिलेल्या असतात.

दोन अंकी भाजकाशी गाठ पडली की अदमासाची कसोटी लागते. ७८३ ला २९ ने भागताना २९ हे ३० च्या निकट आहेत हे ध्यानी घेऊन ७८ ला २ चा भाग लावावा. ५८ वजा जाता २० उरतात आणि पुढील ३ घेऊन २०३ होतात. येथे ६ चा भाग लावला तर बाकी २९, म्हणजे भाजकाइतकीच, उरते; यावरून आणखी एक वाटा निघतो हे मुलाने स्वतः ओळखावे आणि ६ चे ७ करावेत. अशी दुरुस्ती हा गुन्हा नसून रीतीचेच अंग आहे, हे शिक्षकाने आवर्जून सांगावे आणि खोडाखोडीबद्दल गुण कापू नयेत.

भास्कराचार्य इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या आपल्या ‘लीलावती’त १३५ ला १२ ने गुणून १६२० आणतात व भागाकारासाठी तेच १६२० पुन्हा १२ ने भागावयास देतात, शिवाय भाज्य व भाजक दोहोंना समान संख्येने छेदून ५४० ला ४ ने किंवा ४०५ ला ३ ने भागण्याची मुभाही देतात. गुणाकार व भागाकार यांचा हा परस्परसंबंध वर्गात नित्य दाखवावा. भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, बरोबर भाज्य, हा पडताळा प्रत्येक उदाहरणाअखेर घेण्याची सवय लागली, म्हणजे उत्तराची खातरजमा करण्यास मुलाला शिक्षकाच्या लाल शाईची वाट पाहावी लागत नाही. आणि आपले उत्तर का बरोबर आहे हे जेव्हा ते स्वतः सांगू शकते, तेव्हाच त्याला भागाकार आला असे म्हणावे.