मोहोळ न जाळता

वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले, त्यात तेलघाणी, हातकागद आणि ताडगुळाच्या जोडीला मधमाशीपालनही होते. संघाची स्थापना डिसेंबर १९३४ची. त्याचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा लंडनला हिशेबतपासणी शिकून आलेले. गावाच्या अर्थकारणाकडे ते जमाखर्चाच्या काटेकोर नजरेने पाहत. बेचाळीसच्या आंदोलनानंतर जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ लिहिले. निसर्गात जगण्याच्या किती तऱ्हा आहेत, याची त्यांनी त्यात क्रमवारी लावली आहे. वाघ मारून खातो. माकड स्वतः न लावलेल्या बागेतली फळे ओरबाडते. मधमाशी मात्र फुलातून घेता घेता परागीभवन करते. तिने घेतल्यामुळे झाडाला फळ धरते.

संघाचे काम सुरू झाले त्याच सुमारास, ३० एप्रिल १९३६ रोजी, गांधीजी वर्ध्यापासून आठ किलोमीटरवरच्या शेगावात राहायला आले. जमनालाल बजाज तिथले मालगुजार. पुढे या गावाचे नाव सेवाग्राम झाले. पहिली कुटी, आजचा आदिनिवास, बांधताना गांधीजींची अट होती की खर्च पाचशे रुपयांपलीकडे जायचा नाही, सामान परिसरातलेच आणि हातही गावातलेच. माती, बांबू, शिंदीची पाने, लाकूड, कवेलू. या अटीत काटकसर दिसते, पण तेवढीच नाही. भोवतीच्या रानातून बांबू आणि बल्ली आणण्याची मुभा गावाला असेल, आणि ते रान पुढच्या वर्षीही बांबू देईल, तरच अशी कुटी उभी राहते.

त्या मुभेला विदर्भात निस्तार म्हणतात. जुन्या मध्यप्रांतात सरपण, घराला बल्ल्या, बैलांना चारा, वखराला लाकूड हे सारे निस्तारात येई. कोणत्या गावाचा निस्तार कोणत्या रानात, हे कागदोपत्री लिहिलेलेही असे. मात्र रानाचा मालक झाला वनविभाग. गावाकडे उरली ती सवलत, आणि सवलत ही देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. काय तोडायचे, किती, केव्हा, कुणाला विकायचे, हे ठरवण्यात गावाला जागा नव्हती. वनसंवर्धनात लोकसहभाग हवा, असे आज प्रत्येक शासकीय कागद म्हणतो. खरा प्रश्न ‘सहभाग कशात?’ हा आहे. खड्डे खणण्यात आणि आग विझवण्यात, की निर्णयात आणि पैशात?

सेवाग्रामातून हा प्रश्न फार लांबपर्यंत गेला. बापूकुटीच्या भिंतीवर मातीत मोर आणि शिंदीची झाडे उठवणाऱ्या मीराबहन पुढे हिमालयात गेल्या. गढवालात बांज ओकाची जंगले हटून चीड पाइन पसरतो आहे, आणि त्यामुळे झरे, चारा, खत असे सगळेच आटते आहे, हे त्यांनी स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात ओरडून सांगितले. नई तालीमच्या कामात असलेल्या सरलाबहन सेवाग्रामच्या मलेरियाने खंगल्या, म्हणून १९४१ साली कुमाऊंत गेल्या आणि कौसानीला त्यांनी मुलींसाठी लक्ष्मी आश्रम काढला. तिथल्याच विद्यार्थिनी विमला पुढे सुंदरलाल बहुगुणांच्या पत्नी आणि चळवळीतल्या सहकारी झाल्या. १९७३-७४चे चिपको आंदोलन एकट्या सेवाग्रामचे नव्हे, पहाडी बायकांचे होते; पण त्याच्या मुळाशी वर्ध्याची माती आहे, हे महाराष्ट्रात फारसे कुणी सांगत नाही. सांगायला हवे.

मगनवाडीच्या परंपरेतूनच देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये वर्ध्याजवळ ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र उभे केले. स्वस्त घरे, मातीकाम, शौचालये अशा अनेक गोष्टी तिथे झाल्या. या लेखाच्या दृष्टीने त्यातले महत्त्वाचे काम आग्या मोहोळाचे.

सातेरी मधमाशी पेटीत राहते. सह्याद्रीत मधपेट्यांचा धंदा तिच्यावर चालतो. आग्यामाशी पेटीत कधीच राहत नाही. तिला उंच झाड लागते किंवा कडा लागतो, आणि उघड्यावर लटकणारे एकच मोठे पोळे ती बांधते. ती हंगामानुसार स्थलांतर करते आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे त्याच झाडावर परतते. मध्य भारतातल्या जंगलातला बराचसा मध तिचाच. तो काढायची जुनी रीत म्हणजे रात्री मशाल घेऊन झाडावर चढायचे, धूर-जाळ करून माशा हुसकायच्या आणि आख्खे पोळे खाली पाडायचे. हजारो माशा जळतात, अळ्या-कोशांचा भाग मधात पिळला जातो, मध गढूळ निघतो आणि लवकर आंबतो. शिवाय खाली पडलेल्या निखाऱ्यांतून उन्हाळ्यात वणवा लागायची भीती. आदिवासी मध काढणाऱ्याला हे कळत नव्हते असे अजिबात नाही. डंख मारायला धावणाऱ्या आग्यापासून बचावायचे दुसरे साधनच त्याच्या हाती नव्हते. आणि आपण सोडलेले पोळे उद्या दुसरा कुणी पाडून नेईल, ही धास्ती वेगळीच.

वर्ध्याच्या डॉ. गोपाल पालीवाल यांनी यावर वर्षानुवर्षे काम केले. अंगभर संरक्षक पोशाख, जाळीचा बुरखा, दोर. पोळ्याच्या वरच्या कडेला मधाचा जाडसर भाग असतो, तेवढाच सुरीने कापून घ्यायचा. अळ्या-कोशांचा भाग झाडालाच राहू द्यायचा. माशा मरत नाहीत, मोहोळ मोडत नाही, मध स्वच्छ मिळतो. फुलोरा चालू असेल तर त्याच पोळ्यातून पुन्हा मध घेता येतो. विदर्भातल्या कितीतरी आदिवासी मध संकलकांपर्यंत ही रीत पोचली आहे.

पण यात एक अडचण आहे, आणि सगळा विषय तिथेच येऊन ठेपतो. पोशाख देता येतो, कौशल्य शिकवता येते. पण ‘या झाडावरचे मोहोळ आपले’ हा भरवसा प्रशिक्षणातून येत नाही. तो हक्कातून येतो. ज्याला पुढच्या वर्षी त्या झाडाखाली उभे राहता येईल की नाही याचीच खात्री नाही, त्याने यंदा अर्धे पोळे सोडून का द्यावे?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या आधी शोधले, मग कायद्याकडून वसूल केले. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध आदिवासींचे मोठे आंदोलन झाले. त्या मंथनातून मेंढ्याने ठरवले की गावाचा कारभार गावच्या सभेत चालेल, आणि निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होईल. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला. ‘मावा नाटे मावा राज’, आमच्या गावात आमचे राज्य, ही घोषणा तिथली. देवाजी तोफा हे गावचे पुढारी, आणि ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सोबती. मोहनभाऊ जयप्रकाशांच्या संघर्ष वाहिनीतून आलेले, विनोबांचे विचार पचवलेले. २०२५च्या जानेवारीत ते गेले.

गावात अभ्यासगट सुरू झाले. जंगलात काय आहे, कायदा काय म्हणतो, मध कसा काढावा, यावर लोक एकत्र बसून शिकत. बाहेरच्या माणसाने येऊन सांगायचे आणि गावाने ऐकायचे, असा प्रकार नव्हता. शेवटचा निर्णय सभेचा. त्यातून नियम आले. आवळा, चारोळी किंवा मधासाठी झाड तोडायचे नाही. जंगलाला आग लावायची नाही. गस्त गावाने घालायची. कागद कारखान्याला स्वस्तात बांबू देणाऱ्या कराराच्या नूतनीकरणाला गावाने विरोध केला. १९९० साली केंद्राच्या परिपत्रकाने संयुक्त वनव्यवस्थापन आले. त्यात उजाड रान गावाने राखायचे आणि उत्पन्नातला वाटा घ्यायचा अशी योजना होती. मेंढ्याने आपल्या उभ्या, दाट जंगलासाठीच ती मागितली आणि मिळवली. तरीही त्या व्यवस्थेत शेवटची सही वनाधिकाऱ्याचीच असे.

वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी आले. वैयक्तिक शेतजमिनीच्या पट्ट्यांची चर्चा जास्त झाली, पण या कायद्यातली मोठी तरतूद सामूहिक वनहक्काची आहे. परंपरेने जे जंगल गाव वापरत आले, त्याचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळतो. २००९ साली मेंढा आणि मर्दा या गावांना असा हक्क मिळाला. देशातली ही पहिली गावे. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगल आले.

आणि मग बांबू अडला. १९२७चा भारतीय वन कायदा बांबूला झाड मानायचा. वनहक्क कायदा त्याला गौण वनोपज म्हणतो. गावाने बांबू तोडला तरी तो नाक्यापलीकडे न्यायला वाहतूक परवाना लागायचा, ज्याला सगळे ‘टीपी’ म्हणतात, आणि ती पुस्तके वनविभागाच्या कपाटात. हक्क कागदावर, बांबू बेटात. अखेर केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी राज्यांना बांबू गौण वनोपजच असल्याचे कळवले आणि २७ एप्रिल २०११ रोजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्यात येऊन टीपीचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. एवढ्याशा चोपडीसाठी दिल्लीहून मंत्री यावा लागला, यावरून वनखात्याची पकड किती घट्ट होती हे कळते. त्यानंतर ग्रामसभेने स्वतः बांबू विकला, स्वतः मजुरी ठरवली, कोवळे कोंब आणि बेटाचा गाभा राखून तोड केली, आणि नफ्यातून जंगलाची कामे काढली. २०१३ साली गावाने ग्रामदानही केले. शेतजमिनीची मालकी गावाची, कसणे आणि वारसा ज्याचा त्याचा. पवनारच्या विनोबांनी मांडलेला विचार त्यांच्या पश्चात तीन दशकांनी एका गोंड गावाने कायद्यात बसवून दाखवला.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने एक पाऊल वेगळे टाकले. २०१२ साली १,००६ हेक्टर जंगलाचा हक्क मिळाल्यावर गावाने बांबू विकायला घेतला, पण तेंदूपत्ता तोडणे बंद केले. तेंदूचा हंगाम विदर्भात नगदी पैशाचा. उन्हाळ्यात हाती येणारी तेवढीच रोकड. तरी बंद का? चांगले पान येण्यासाठी झुडपे छाटली जातात, आगी लावल्या जातात. तेंदूची फळे मग माणसाला मिळत नाहीत आणि पाखरांनाही. बांबूतून पोट भरत असेल तर हे कशाला, असा गावाचा हिशेब. कुणी सक्ती केली नव्हती. असा निर्णय सरकारी आदेशाने आला असता तर त्यावर मोर्चा निघाला असता.

मेळघाटच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यातल्या पायविहिरला मिळालेले १९२ हेक्टर रान जवळपास उघडेबोडके होते. तिथे विकायला बांबू नव्हता. ‘खोज’ संस्थेच्या साथीने लोकांनी रोजगार हमीतून मृद्-जलसंधारण केले, झाडे लावली, राखली, आणि रानातली सीताफळे प्रतवारी करून मुंबईच्या बाजारापर्यंत नेली. २०१४ साली गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. गडचिरोलीसारखे दाट जंगल असेल तरच हे जमते, हा आक्षेप पायविहिरने खोटा ठरवला.

तरीही या गोष्टी गुलाबी करून सांगण्यात अर्थ नाही. ग्रामसभेला हिशेब ठेवावा लागतो, लिलावात ठेकेदाराशी घासाघीस करावी लागते, आणि ठेकेदार पैसे बुडवतातही. सर्वसहमतीला वेळ लागतो. म्हणून बाहेरच्या संस्थेची गरज संपत नाही, ती बदलते. मालकी गावाकडे गेल्यावर संस्थेने हिशेबनीस, वकील आणि अभ्यासाचा सोबती व्हायचे असते. पालीवालांचा पोशाख आणि सुरी हक्काच्या जंगलात पोचली की त्यांचे मोल वाढते.

आता खुद्द वर्धा जिल्हा. सेवाग्रामपासून तासाभराच्या अंतरावर बोर अभयारण्य आहे. २०१४ साली ते व्याघ्र प्रकल्प झाले. गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सर्वांत छोट्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्यामुळे वाघ शेतशिवारात उतरतो, रोही आणि रानडुकरे कपाशी-हरभऱ्यात. राज्याची श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना जंगलालगतच्या गावांना गॅस जोडणी, कुंपण, रोजगार देते, आणि त्याचा उपयोग होतो. मात्र तिथेही गाव लाभार्थी आहे, निर्णय घेणारे नाही. आर्वी-कारंजा भागातले नंद गवळी पिढ्यान्‌पिढ्या गवळाऊ जनावरे या रानांत चारत आले. सेवाग्रामच्या गोसेवेतही हीच देखणी, पांढरी, चपळ जात जपली गेली. चराई आटली तर गवळाऊही आटते.

दुसरे दुखणे झुडपी जंगलाचे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या अशा जमिनी महसूल दप्तरात चराई आणि निस्तारासाठीच नोंदलेल्या होत्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वनजमिनी असल्याचा निर्णय दिला. याकडे निव्वळ अडसर म्हणून पाहिले जाते. पण वनजमीन ठरली की तिच्यावर वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावाही करता येतो, ही बाजू वर्ध्याच्या गावांनी ध्यानात घ्यावी. कायदा केवळ आदिवासींपुरता नाही. तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, जंगलात राहून त्यावर अवलंबून असलेले इतर पारंपरिक वननिवासीही त्यात येतात. सामूहिक हक्काला पुरावा म्हणून नियमांत निस्तार आणि पारंपरिक चराईची ठिकाणे नावानिशी नमूद आहेत. तहसील कचेरीच्या दप्तरखान्यात जुनी निस्तारपत्रके शोधता येतात. दावा ग्रामसभेने नेमलेल्या वनहक्क समितीपासून सुरू होतो. समितीत दहा ते पंधरा माणसे, त्यांत किमान एक तृतीयांश बाया. समितीने शिवार फिरून नकाशा काढायचा, ग्रामसभेने ठराव करायचा, मग उपविभागीय आणि जिल्हा समिती. मेंढाही याच पायऱ्या चढला होता.