उकळत्या दिल्लीत न उकळणारं इंजिन

29 मे 2024 रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत पारा 46.8 अंशांवर गेला. त्याच दिवशी शहराच्या कडेला असलेल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने 52.9 अंश दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. तपासणीनंतर तिथला संवेदक सुमारे 3 अंश जास्त दाखवत असल्याचं हवामान खात्याने सांगितलं. सफदरजंगचा आकडा मात्र खराच होता. अशा दुपारी लू वाहते, डांबर मऊ पडतं आणि गाडीच्या बॉनेटला हात लावता येत नाही.

त्या बॉनेटखाली मात्र एक नवल चाललेलं असतं. गुरुग्रामच्या रस्त्यावर एखादी जुनी मारुती जिप्सी वाहतुकीत अडकलेली असते. ही गाडी 1985 साली इथल्याच कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि लष्कर, पोलीस, वनखातं यांच्यापासून हौशी भटक्यांपर्यंत सगळ्यांची झाली. तिच्या सिलिंडरात पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा वायूचं तापमान 2,000 अंशांच्या वर जातं. त्या भडक्याला तोंड देणारं सिलिंडर हेड असतं अ‍ॅल्युमिनियमचं, आणि अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. तरीही हेड शाबूत राहतं, इंजिनातलं पाणी 90 अंशांच्या आसपास टिकतं आणि काटा मध्यावर उभा असतो. बाहेर 47 अंश असताना हे कसं साधतं, हे एकदा नीट समजलं की जुन्या फोर बाय फोरचं कूलिंग कसं सुधारायचं तेही आपोआप कळतं.

आधी उष्णतेचा आवाका पाहू. इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश धुरासोबत जातो आणि उरलेला जवळपास तेवढाच भाग पाण्याला वाहून न्यावा लागतो. नंतरच्या काळातल्या 1.3 लिटर जिप्सीचं इंजिन पूर्ण जोरात साधारण 80 अश्वशक्ती देतं, म्हणजे 60 किलोवॉटच्या घरात. त्या वेळी पाण्यात उतरणारी उष्णता 50 किलोवॉट धरली, तर ती घरातले 2 किलोवॉटचे 25 गीझर एकदम चालू ठेवल्याइतकी होते. आणि ती सगळी बाहेर टाकायची, उशीएवढ्या आकाराच्या एका जाळीतून!

पाणी ही उष्णता उचलतं तरी कसं? नुसतं तापून नव्हे. हेडच्या आतल्या पोकळ्यांमध्ये, ज्वाळेच्या अगदी पाठीशी, धातूच्या पृष्ठभागावर सूक्ष्म बुडबुडे धरतात, सुटतात आणि भोवतालच्या त्यामानाने थंड पाण्यात लगेच विरून जातात. 1 किलो पाणी 0 पासून 100 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 418 किलोज्यूल लागतात, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे 2,257, म्हणजे पाचपटीहून अधिक. इंजिनाच्या सगळ्यात तापलेल्या कोपऱ्यांत निसर्गाचा हाच नियम पहारा देत असतो. धोका तेव्हा होतो, जेव्हा बुडबुडे इतके वाढतात की ते एकत्र येऊन धातूवर वाफेचा सलग पापुद्रा धरतात. वाफ उष्णता नेण्यात फार कच्ची. मग तेवढाच ठिपका भराभर तापतो, हेड वाकतं आणि गॅस्केट उडतं.

हा पापुद्रा लांब ठेवण्याचं काम रेडिएटरचं झाकण करतं. दिसायला क्षुल्लक, पण त्याच्या आतली स्प्रिंग सुमारे 0.9 बार इतका जादा दाब धरून ठेवते. त्या दाबाखाली साधं पाणीही 100 ऐवजी साधारण 118 अंशांना उकळतं. निम्मं ग्लायकॉल असलेलं कूलंट असेल तर ही मर्यादा आणखी काही अंश वर जाते. स्प्रिंग सैल पडली किंवा रबर चिरलं की तोच रेडिएटर आणि तोच पंप असूनही गाडी उकळू लागते. महागडा रेडिएटर घेण्याआधी नवं झाकण घ्यावं, ते यासाठी. तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नये, त्याचंही कारण हेच आहे. दाब सुटताक्षणी 100 अंशांच्या वरचं पाणी एकदम वाफ होऊन अंगावर येतं.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात हे काहीच नव्हतं. कार्ल बेंझच्या 1886च्या तीनचाकीत पाणी सरळ उकळून उडून जायचं. 1888 साली बर्टा बेंझ मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली, तेव्हा वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं. मग 1900च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात 6 मिलिमीटर रुंदीच्या 8,070 चौकोनी नळ्या होत्या. 35 अश्वशक्तीच्या इंजिनाला आता 9 लिटर पाणी पुरू लागलं. पाणी वाढवण्याऐवजी हवेला स्पर्श करणारा पृष्ठभाग वाढवायचा, हे त्यातलं मर्म. आजचा प्रत्येक रेडिएटर त्याच विचारावर उभा आहे.

आता दिल्लीच्या उन्हाळ्याचं गणित मांडू. रेडिएटर किती उष्णता टाकेल, हे मुख्यतः पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी 95 अंश आणि हवा 25 असेल तर फरक 70 चा. हवा 47 अंश झाली की फरक उरतो 48. म्हणजे काहीही न बिघडता रेडिएटरची जवळपास एक तृतीयांश ताकद गेली. त्यात जिप्सीसारख्या गाडीत नंतर बसवून घेतलेला एसी असतो. त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसतो आणि येणारी हवा आधीच तापवतो. ती 10 अंशांनी तापली तर फरक राहतो अवघा 38, 25 अंशांच्या दिवसातल्या फरकाच्या निम्म्याहून थोडा जास्त. शिवाय 25 अंशांच्या हवेपेक्षा 47 अंशांची हवा सुमारे 7 टक्के विरळ असते, म्हणजे तितक्याच वाऱ्यातून कमी वजनाची हवा मिळते. वर सांगितलेले 50 किलोवॉट बाहेर टाकायला जाळीतून दर सेकंदाला साधारण दीड घनमीटर हवा जावी लागते.

म्हणूनच माझं ठाम मत आहे की जुन्या गाडीचं कूलिंग हा पाण्यापेक्षा हवेचा प्रश्न जास्त आहे. फोर बाय फोरला तो दुप्पट छळतो. अरवलीच्या खडकाळ वाटेवर किंवा राजस्थानच्या वाळूत फोर-लो हा मंद गिअर लावून गाडी ताशी 10 किलोमीटरने रांगते. इंजिन मात्र जोरात फिरत असतं आणि समोरून वारा जवळजवळ नसतो. ताडोबात उन्हाळी सफारीच्या जिप्सी जशा संथ चालतात, तसंच काहीसं. याच्या उलट यमुना एक्स्प्रेसवेवर वारा भरपूर, पण गाडी पेटीसारखी चौकोनी. हवेला कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ताशी 80 वरून 100 वर गेलात की ती जवळपास दुप्पट होते, आणि उष्णताही त्यासोबत वाढते.

मग सुरुवात कुठून करायची? जाळीपासून. दिल्लीच्या धुळीचा, शेतातल्या भुशाचा आणि किड्यांचा थर जाळीच्या पातळ पत्र्यांमध्ये बसतो आणि बाहेरून दिसतही नाही. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या सांदीत तर हमखास. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेने पाणी मारून तो काढावा. जोराच्या धारेने पत्रे आडवे होतात आणि वाट कायमची बंद होते. पुढे लावलेले मोठे दिवे, विंच, जाडजूड गार्ड हेही वारा अडवतात. त्यांतलं जे लागत नाही ते उतरवावं.

त्यानंतर फॅनभोवतीचं कडं, म्हणजे श्राउड. जुन्या गाड्यांत ते तुटलेलं किंवा कुठल्यातरी दुरुस्तीत काढून टाकलेलं आढळतं. ते नसेल तर फॅन पात्यांसमोरच्या गोलातूनच हवा ओढतो आणि जाळीचे चारही कोपरे वाया जातात. रेडिएटरच्या कडेच्या फटीही फोमने बुजवाव्यात. नाहीतर तापून बाहेर पडलेली हवा वळसा घालून पुन्हा पुढे येते आणि रेडिएटर स्वतःचीच झळ पुन्हा खातो. बॉनेटची मागची कड उचलून ठेवण्याची युक्ती बरेच जण करतात. उभ्या गाडीत तिने गरम हवा सुटते. पण वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढलेला असतो, त्यामुळे तिथून हवा बाहेर जाण्याऐवजी आत शिरू शकते.

बहुतेक जुन्या फोर बाय फोरमध्ये फॅन पट्ट्याने इंजिनालाच जोडलेला असतो. मध्ये व्हिस्कस क्लच असेल तर त्यातलं सिलिकॉन तेल तापमानाप्रमाणे पकड घट्ट किंवा सैल करतं. हे तेल वर्षानुवर्षांत झिरपून जातं आणि फॅन नुसता आळसावून फिरतो. गरम इंजिन बंद केल्यावरही फॅन हाताच्या धक्क्याने मोकळा गरगरत राहिला, तर क्लच संपला असं समजावं. इलेक्ट्रिक फॅनचा मोठा गुण म्हणजे सिग्नलला इंजिन मंद असतानाही तो पूर्ण वेगाने फिरतो. पण तो 20 अँपिअरच्या आसपास वीज मागू शकतो. तेव्हा जुन्या अल्टरनेटरला आणि वायरिंगला ती झेपते का, हे आधी पाहावं.

आता पाण्याकडे वळू. दिल्ली परिसरातलं, म्हणजे एनसीआरमधलं, बोअरचं पाणी क्षारयुक्त. ते रेडिएटरमध्ये घातलं की नळ्यांत पांढरा थर धरतो, आणि तो थर तांब्याच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी उष्णता नेतो. म्हणून शुद्ध केलेलं पाणी आणि गंजरोधक कूलंट, दोन्ही हवंच. ग्लायकॉल थंडीत पाणी गोठू देत नाही आणि त्याचा उत्कलनबिंदू वाढवतं, पण निव्वळ उष्णता वाहण्यात पाणीच सरस. त्यामुळे ग्लायकॉलचं प्रमाण निम्म्यापर्यंत वाढवून कूलिंग वाढत नाही. दिल्लीत पाणी गोठण्याची भीती नाही. डब्यावर सांगितलेलं प्रमाण पाळावं, जास्त ओतू नये.

रेडिएटर आतून गच्च झाला असेल तर बदल हवाच. महिंद्राने 1940च्या दशकाअखेरीस मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. त्या वंशातल्या गाड्यांचे तांब्या-पितळेचे रेडिएटर आजही कारागीर उघडून, नवी जाळी बसवून, डाग देऊन उभे करतात. दिल्लीत कश्मीरी गेटच्या बाजारात असे सुटे भाग शोधणारे भेटतातच. दोन ओळींऐवजी तीन ओळींची जाळी घेतली तर फायदा होतो, पण दीडपट नव्हे. मागच्या ओळीला पुढच्या ओळींनी तापवलेली हवाच मिळते. जाडीपेक्षा जाळीची रुंदी-उंची वाढली तर ती जास्त कामी येते.

दोन समजुती मात्र सोडायला हव्यात. पहिली, उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकण्याची. थर्मोस्टॅट साधारण 82 अंशांना उघडू लागतो आणि उघडल्यावर तो पाण्याला फारसा अडवत नाही. काही इंजिनांत तो काढला की पाण्याला रेडिएटर टाळून परत जाण्याची बायपासची वाट उघडी राहते आणि गाडी उलट जास्त तापते. दिल्लीच्या जानेवारीत तर इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते. दुसरी समजूत अशी की पाणी फार वेगाने फिरलं तर त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही. पाणी बंद चक्रात फिरतं. रेडिएटरमध्ये दर फेरीला कमी वेळ मिळाला तरी फेऱ्या तितक्याच वाढतात, आणि वेगाच्या खळबळीमुळे उष्णता धातूत जास्तच उतरते.

मुंगेशपूरच्या संवेदकासारखा गाडीचा काटाही फसवू शकतो. त्याचा संवेदक पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. होज फुटून पाणी गेलं की तो कोरडा पडतो आणि काटा खाली उतरतो, नेमका इंजिन जळत असताना. चढलेला काटा अचानक पडला, तर हायसं वाटून घेऊ नका, गाडी थांबवा. काटा नुसता चढत असेल आणि थांबायला जागा नसेल, तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करा. हीटरची जाळी म्हणजे छोटा रेडिएटरच, तो थोडी उष्णता आत ओढून घेतो. सगळं ठीक करूनही पाणी घटत असेल, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील किंवा इंजिन ऑइल दुधाळ झालं असेल, तर दुखणं कूलिंगचं नाही, हेड गॅस्केटचं आहे. नवा रेडिएटर ते झाकू शकणार नाही.

एनसीआरच्या वाचकांसाठी एक गोष्ट यांत्रिकीच्या बाहेरची. इथे 10 वर्षांवरील डिझेल आणि 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते उचलून धरले. त्यानंतरही या विषयावर आदेश येत राहिले आहेत. तेव्हा खर्च करण्याआधी आपल्या गाडीचा सध्याचा नियम परिवहन खात्याकडे पाहून घ्यावा.

चंद्रपूर, अकोला, जळगावच्या वाचकांना तर हा सगळा हिशेब दिल्लीइतकाच लागू आहे. मार्च संपायच्या आत जाळी धुवा, झाकण आणि थर्मोस्टॅट नवे घ्या, होज आणि पट्टा दाबून पाहा, श्राउड जागेवर आणा, कूलंट बदला. कारखान्यातून निघताना गाडीला जे दिलं होतं ते आधी तिला परत द्या. मोठ्या रेडिएटरचा विचार त्यानंतर करा.