कॅट रचण्याचा आनंद

माहूरगडावरील रेणुकामातेचा पुत्र परशुराम हा सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात एका रंगाचा राजा असून परशू हे त्या रंगाचे चिन्ह आहे. हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या या खेळात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अंकांचे पत्ते, असे एकूण १२० पत्ते असतात. मात्र हा कॅट, म्हणजे पत्त्यांचा संपूर्ण संच, परंपरेने ठरलेला असल्यामुळे खेळाडूचे कौशल्य वाटणीनंतरच पणाला लागते.

रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेल्या आणि १९९३ मध्ये बाजारात आलेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळात मात्र प्रत्येक खेळाडू स्वतः जमवलेल्या किंवा अदलाबदलीने मिळवलेल्या पत्त्यांतून आपला कॅट रचतो. रूढ नियमांनुसार त्यात किमान ६० पत्ते लागतात आणि शक्ती पुरवणारे मूलभूत भूमिपत्ते वगळता एकाच नावाचे चारांहून अधिक पत्ते चालत नाहीत. साठांत चार प्रती ठेवल्या, तर आरंभीच्या सात पत्त्यांत त्यांपैकी निदान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. भूमिपत्त्यांचे प्रमाणही नीट ठरवावे लागते, कारण ते कमी पडले तर बलाढ्य पत्ते हातातच अडकतात आणि जास्त झाले तर खेळण्याजोगे काही उरत नाही. या मर्यादांत परस्परांना बळ देणारे पत्ते शोधणे, मोह आवरून एखादा आवडता पत्ता वगळणे आणि खेळून पाहून पुन्हा रचना सुधारणे, यांतच या छंदाचा खरा आनंद आहे, कारण येथे खेळाडू आपल्या खेळाचा रचनाकारही होतो.