भरविणे आणि फळविणे : खानदेशातील जातिवंत वळू घोड्यांचा व्यवहार व त्याची भाषा

तापीकाठी सारंगखेडे येथे मार्गशीर्षातील दत्तजयंतीपासून एकमुखी दत्ताची यात्रा भरते. हे गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १९९८ साली त्या जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ते नंदुरबार जिल्ह्यात मोडते. यात्रेतील घोडेबाजार सर्वश्रुत आहे. मारवाडी, काठेवाडी आणि पंजाब-सिंधकडील वळणाची जनावरे येथे येतात. धुळे-जळगावकडील शेतकरीही येथे येतात. येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे लक्ष खरेदी-विक्रीकडे असते. तथापि ज्या व्यवहारात घोडा मालकाच्या दावणीवरून सुटतच नाही, असाही एक व्यवहार या जनावरांभोवती चालतो. जातिवंत वळू घोडा बाळगणारा मालक दुसऱ्याची घोडी आपल्या घोड्याकडून भरवून देतो आणि त्याबद्दल मोबदला घेतो. या व्यवहारात नेमके काय विकले जाते, या प्रश्नाचे उत्तर मराठी क्रियापदांच्या आधाराने शोधणे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम शब्दसंपत्तीकडे पाहावे. मराठीतील घोड्यासंबंधीचा शब्दसंग्रह उघडपणे दोन थरांचा आहे. अबलख, कुमैत, नुकरा, मुश्की हे रंगवाचक शब्द, तसेच लगाम, जीन, रिकीब, तबेला हे साजाचे व निवाऱ्याचे शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. घोडदळ व दरबार यांच्याबरोबर ते आले, हे सांगण्यास कोशाची गरज नाही. परंतु पैदाशीचा प्रश्न निघाला की हा थर एकदम नाहीसा होतो. गाभण हा शब्द 'गर्भिणी'पासून आला. विणे हे क्रियापद संस्कृत 'वि' उपसर्गयुक्त 'जन्' धातूकडे जाते. फळणे हे तर झाडालाही लागते आणि जनावरालाही. माजावर येणे, भरविणे, दाखविणे हे सारे शब्द गोठ्यातले असून ते गाईम्हशींकरिता रोज वापरले जातात. हिंदी कोशांत घोडीच्या माजाकरिता 'अलंग' असा खास शब्द सापडतो. मराठी शेतकऱ्याचे काम मात्र बहुधा 'माज' या सामान्य शब्दानेच भागते. 'वळू' म्हटले की बैलच डोळ्यांपुढे येतो, म्हणून 'वळू घोडा' असे जोडून म्हणावे लागते. सारांश, स्वारीचा घोडा सरदाराच्या भाषेत बोलतो आणि पैदाशीचा घोडा कुणब्याच्या.

गोठ्यातील ही क्रियापदे समानार्थी मानली जातात, पण तशी ती नाहीत. 'घोडी भरविली, पण राहिली नाही' या वाक्यात कोणताही विरोध नाही. ते रोजच्या बोलण्यातले वाक्य आहे. म्हणजे 'भरविणे' हे केवळ क्रिया सांगते, फळ सांगत नाही. 'घोडी गाभण राहिली' हे फळ सांगते, पण तेथे कर्तृत्व घोडीकडे आहे. या अर्थी 'राहणे'चे प्रयोजक रूप भाषेत रूढ नाही. 'गाभण करून देतो' असे म्हणता येते हे खरे. परंतु तसे म्हणणाऱ्या मालकाने स्वतःवर किती जबाबदारी घेतली, हे त्यालाच नंतर कळते! खरी अडचण 'फळविणे' या शब्दाची आहे. 'फळणे' याचा अर्थ गर्भ धरणे. त्याचे प्रयोजक रूप 'फळविणे'. व्याकरणाच्या न्यायाने त्यात फलप्राप्ती अंतर्भूत असावयास हवी. प्रत्यक्ष वापरात मात्र 'घोडी फळवून आणली' याचा अर्थ 'घोड्याकडे नेऊन आणली' इतकाच होऊ शकतो. घोड्याचा मालक हा शब्द पहिल्या अर्थाने ऐकवतो व दुसऱ्या अर्थाने पाळतो, असे झाले की तंटा उभा राहतो. यात दरवेळी लबाडी असतेच असे नव्हे. दोघेही आपापल्या परीने शुद्ध मराठी बोलत असतात.

या शब्दभेदाचे मोल जीवशास्त्र पाहिले म्हणजे ध्यानात येते. घोडीचे ऋतुचक्र सरासरी २१ दिवसांचे असून त्यातील सुमारे ५ ते ७ दिवस ती माजावर असते. बीजविमोचन माजाच्या अखेरच्या एक-दोन दिवसांत होते व सुटलेले बीज काही तासच टिकते. म्हणून माज चालू असेपर्यंत घोडी एक दिवसाआड भरविण्याची रीत आहे. घोडी तयार आहे किंवा नाही हे पाहण्याकरिता, मोलाचा घोडा पुढे करण्यापूर्वी, एखादा साधा घोडा मजबूत आडोशापलीकडून तिच्यासमोर आणतात. 'दाखविणे' हा शब्द येथे अक्षरशः खरा ठरतो. पुढील माजाच्या सुमारास तिला पुन्हा दाखवितात. तिने घोड्याला झिडकारले तर ती राहिली असा अंदाज बांधतात. सोनोग्राफीच्या साहाय्याने हे निदान आता दोन आठवड्यांच्या सुमारास करता येते. त्यानंतर अकरा महिन्यांची गर्भावस्था. एक माज वाया गेला तर तीन आठवडे जातात. गर्भ मध्येच गळाला तर बहुधा वर्षच जाते.

यात आणखी एक गोष्ट आहे. घोडीचे ऋतुचक्र दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. थंडीत, दिवस लहान असताना, अनेक घोड्या माजावर येतच नाहीत, आणि खरा हंगाम फाल्गुन-चैत्राकडे सुरू होतो. सारंगखेड्याची यात्रा मात्र मार्गशीर्षात! म्हणजे तेथे वळू घोडा पाहिला जातो, त्याची चाल, मान व कान पारखले जातात, बोलणे होते. आणि प्रत्यक्ष काम व्हावयाचे ते दोन-तीन महिन्यांनी, मालकाच्या गावी. मधल्या काळात हाती राहतो तो केवळ शब्द. तो कोणत्या क्रियापदात दिला होता, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

शर्यतीच्या घोड्यांच्या जगात हा प्रश्न कराराने सोडविला गेला आहे. तेथे मोबदला पुष्कळदा जिवंत शिंगरावर ठरतो : शिंगरू जन्मून स्वतःच्या पायांवर उभे राहिले व आईला प्याले, तरच तो देय होतो. मराठीत सांगावयाचे तर तेथे 'भरविणे' नव्हे, 'विणे' विकले जाते. शिवाय त्या जातीच्या वंशनोंदीत कृत्रिम रेतनाने झालेल्या शिंगराला स्थान नाही. नैसर्गिक संयोगच लागतो. खानदेशातील शेतकऱ्याला हा सगळा कायदेशीर डोलारा पेलवणारा नाही. परंतु पैसे 'भरविल्यावर' की 'राहिल्यावर' की 'व्याल्यावर' द्यावयाचे, आणि घोडी उलटली तर पुन्हा फुकट भरवून मिळणार की नाही, एवढ्या दोन ओळी लिहून घेण्यास डोलारा लागत नाही.

जातिवंतपणाचा पुरावा हा वेगळा विषय आहे. बाजारात तो प्रथम अंगावरच वाचला जातो : चारही पाय व तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी, मानेवर देवमण नावाचा भोवरा असलेला शुभ, डोळ्याखाली भोवरा असलेला खोडीचा. भोवऱ्यांची ही भाषा जुनी व मोहक आहे. शालिहोत्राच्या नावावर चालणाऱ्या अश्वशास्त्राशी तिचे नाते आहे. तथापि भोवरा हे केसांच्या वाढीचे वळण आहे. त्यावरून बाप कोण हे कळत नाही. ते वंशनोंदीवरून आणि अलीकडे डीएनए-तपासणीवरून कळते. घोडीवाला मोबदला देतो तो बापाच्या नावाबद्दल. म्हणून भोवरा दाखवून नोंद न दाखविणारा मालक अर्धाच माल दाखवीत असतो.

इंग्रजी अमदानीत या कामात सरकारही होते. १८७६ साली सरकारी पैदास-केंद्रांची जुनी व्यवस्था मोडल्यावर निवडक वळू घोडे जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवून शेतकऱ्यांच्या घोड्या भरविण्याचे धोरण आले. लष्कराला घोडे हवे होते, हे त्याचे कारण. एकच घोडा अनेक गावांच्या घोड्यांकडे जाऊ लागला की रोगही त्याच वाटेने जातो. 'डौरिन' हा संयोगातून पसरणारा घोड्यांचा रोग. त्याकरिता १९१० साली स्वतंत्र कायदा झाला, आणि बाधित वळू घोडा खच्ची करविण्याचा अधिकार पशुवैद्यास मिळाला. 'खच्ची' हा शब्द मात्र गोठ्यातला नव्हे, अरबी मुळाचा आहे. तो कायदा व १८९९ चा ग्लँडर्सविषयक कायदा हे दोन्ही २००९ च्या सर्वसमावेशक कायद्यात विलीन झाले. ग्लँडर्स माणसासही होतो व बाधित जनावर मारावे लागते. त्याच्या रक्ततपासणीचे देशातील मुख्य केंद्र हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हे आहे. घोडी दुसऱ्याच्या दावणीला नेण्यापूर्वी दोन्ही जनावरांची ही तपासणी झालेली असावी, आणि तिचा कागद मोबदल्याच्या बोलीआधी मागावा. कारण बोली कोणत्याही क्रियापदात झाली असली, तरी रोग पहिल्याच 'भरविण्या'त पोहोचतो.