बाळाच्या आधी आईचे ताट

घरात पाळणा हलणार म्हटले की याद्या सुरू होतात. झबली किती, दुपटी किती, पाळणा नवा घ्यायचा की फूफीकडचा आणायचा, अकीक्याला कोणाकोणाला बोलवायचे, नाव कोण ठेवणार. दवाखान्याचा खर्चही आता बरीच कुटुंबे आधीपासून बाजूला काढतात. एक यादी मात्र क्वचितच दिसते: पुढचे वर्ष-दीड वर्ष स्वयंपाकघरात कशावर किती खर्च होणार, याची. किराणा काय, तो चालूच असतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात हात आखडला की पहिली कात्री लागते ती याच न लिहिलेल्या खर्चाला, आणि त्यातही आईच्या ताटाला.

आपल्या दीनमध्ये मात्र हा खर्च मोघम सोडलेला नाही. सूरह बकराच्या 233 व्या आयतीत दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, आणि त्याच आयतीत आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. ती रीतीप्रमाणे पार पाडायची आहे आणि कोणावरही ऐपतीबाहेरचा भार टाकलेला नाही, हेही तिथेच आहे. सूरह तलाकमध्ये तर ज्या गर्भवतीला तलाक मिळाला आहे तिचाही खर्च प्रसूतीपर्यंत पतीनेच करायचा, असा हुकूम आहे. नाते तुटलेल्या स्त्रीचा हक एवढा, तर नांदत्या सुनेचा किती? तेव्हा गरोदर बाईला मिळणारे दूध आणि अंडे हे घराचे तिच्यावरचे उपकार नव्हेत, तो तिचा नफका आहे. हिशेबाच्या वहीत ते पहिल्या ओळीत यावे, उरल्यासुरल्या पैशांत नव्हे.

आता किती, हे पाहू. "दोन जिवांचे खा" असे थोरल्या बायका सांगतात, पण दुप्पट खायची गरज नसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 मध्ये दिलेल्या प्रमाणानुसार गरोदरपणात रोज सुमारे 350 कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एक चपाती, वाटीभर घट्ट डाळ आणि एक अंडे. बाळ अंगावर पीत असेल तर पहिल्या सहा महिन्यांत हीच वाढ 600 कॅलरींवर जाते. वरच्या जेवणात एक पेला दूध आणि मूठभर शेंगदाणे घातले की ती भरते. या दोन आकड्यांकडे पुन्हा पाहा. आईचा आहार बाळंत झाल्यावर वाढायला हवा, आणि आपल्याकडे नेमके उलटे होते. नऊ महिने तिचे डोहाळे पुरवले जातात, चाळीस दिवस लाडू चालतात, आणि नंतर ती पुन्हा सगळ्यांची जेवणे उरकून पातेल्यात उरेल ते खायला बसते. दूध पाजायचे असते ते त्यानंतरही.

कॅलरी भाकरी-भातावर निघून जातात. प्रश्न प्रथिनांचा आणि लोहाचा असतो, आणि पैशांचा खरा हिशेबही तिथेच लागतो. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. पेलाभर दुधात आठ ग्रॅम, तीस ग्रॅम शेंगदाण्यांत सात-साडेसात, तीस ग्रॅम डाळीत सहा-सात. म्हणून आम्ही सुचवतो तो रोजचा वाढीव हिस्सा असा: एक अंडे, पाव लिटर दूध, मूठभर शेंगदाणे, मूठभर जादा डाळ, अर्धी जुडी पालेभाजी आणि एखादे मोसमी फळ. सध्याच्या भावाने हे सारे रोज पन्नास रुपयांच्या आसपास जाते, म्हणजे महिन्याला दीड हजार. आपल्या गल्लीतले भाव घालून ही बेरीज स्वतः करून पाहा, पाच-सात रुपये इकडे-तिकडे होतील.

मटणाबद्दल दोन शब्द. "पोटुशी आहे, तिला गोश्त खाऊ घाला" ही माया आम्हाला ठाऊक आहे आणि जुम्म्याच्या बिर्याणीला आमचा विरोध नाही. पण एक किलो मटणाच्या पैशांत जवळपास तीन किलो चिकन किंवा आठ डझन अंडी येतात. आठवड्यातून एकदा मटण आणि सहा दिवस पातळ कालवण, यापेक्षा रोजचे एक अंडे पोटातल्या बाळाला जास्त उपयोगी. पंधरा दिवसांतून एकदा थोडी कलेजी मात्र जरूर असावी, लोहासाठी तिच्यासारखे स्वस्त गोश्त नाही. पहिल्या तीन महिन्यांत कलेजी डॉक्टरांना विचारूनच खावी.

इथे एक अडचण येते, ती कोणत्याही तक्त्यात लिहिलेली नसते. घरात आधीची दोन लेकरे असतील तर आईसाठी आणलेले एक अंडे आईच्या पोटात जात नाही. समोर टक लावून बसलेल्या पोराला न देता कोणती आई खाते? म्हणून अशा घरात हिशेब एका अंड्याचा नव्हे, तीन अंड्यांचा धरावा, नाहीतर तो धरूच नये. एकत्र कुटुंबात हीच गोष्ट नणंद-जावांच्या बाबतीत येते. सुनेने स्वतःच्या तोंडाने "माझ्यासाठी दूध वेगळे ठेवा" म्हणणे कठीण आहे, ते नवऱ्याने आपल्या अम्मीशी आधीच बोलून ठरवावे. सासूबाईंच्या हाती तो डबा दिला आणि "अम्मी, हे रोज तुम्हीच तिला द्या" म्हटले की अर्धे काम झाले. सासूबाईंना वगळून केलेला हिशेब आठवडाभरही टिकत नाही, असा आमचा अनुभव आहे.

बाजाराच्या बाबतीत नाशिककर नशीबवान आहेत. मुंबईला भाजी पुरवणारा हा जिल्हा, आणि पंचवटीच्या मार्केट यार्डात येणारी मेथी, शेपू, कोथिंबीर आपल्या दारात ताजी मिळते. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात किंवा भद्रकालीत दिवस कलताना गेले तर जुडीचा भाव उतरलेला असतो. पावसाळ्यात पालेभाजी महागते आणि लवकर सडते, तेव्हा कडधान्ये मोड आणून वापरावीत. हिवाळ्यात पेरू खावा. लोह अंगी लागायला आंबट फळाची मदत होते, म्हणून जेवणात लिंबाची फोड हवीच. जेवणाला लागून चहा मात्र नको, तो लोह अडवतो. आपल्या घरांत चहाची किटली सकाळपासून चुलीवर असते, त्यामुळे हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड, पण जेवणानंतर तासभर तरी थांबावे.

आणखी एक जिन्नस आपल्या मुस्लिम घरांत फारसा येत नाही, तो म्हणजे नागली. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगराळ भागातले हे पीक आपल्याच जिल्ह्यातले. शंभर ग्रॅम नागलीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. आठवड्यातून दोन-तीनदा नागलीची भाकरी केली तर दुधाचा भार थोडा हलका होतो, आणि पुढे बाळाच्या उष्टावणानंतर हेच पीठ कामी येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. एवढी तूट नुसत्या पालेभाजीने भरून निघत नाही. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस. कॅल्शियमच्या गोळ्याही मिळतात. दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत, काही तासांचे अंतर ठेवावे. जुन्या नाशकातल्या भगिनींना महापालिकेचे डॉ. झाकिर हुसैन रुग्णालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे. जी गोळी फुकट मिळते तिच्यासाठी औषधाच्या दुकानात पैसे का मोजावेत?

हक्काच्या आणखी काही गोष्टी आहेत, ज्या "आपल्याला काय मिळणार" या समजुतीने सोडल्या जातात. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर स्त्रीला आणि बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत स्तनदा मातेला अंगणवाडीतून मोफत आहार मिळतो. त्यासाठी वस्तीतल्या अंगणवाडीत नाव नोंदवावे लागते, एवढेच. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र स्त्रीला पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात: 3,000 गरोदरपणाची नोंदणी आणि तपासणी झाल्यावर, 2,000 जन्मनोंदणी आणि बाळाच्या पहिल्या टप्प्यातल्या लसी झाल्यावर. दुसरे अपत्य मुलगी असेल तर 6,000 रुपये एकरकमी. आधारकार्ड आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते लागते. माहेरचे आडनाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्यावे, अर्ज बहुधा तिथेच अडतात. ज्या घरांत लाडकी बहीण योजनेचे दीड हजार येतात, तिथे ती रक्कम आणि वर काढलेली आईच्या वाढीव आहाराची बेरीज एकच येते. ते पैसे बाईच्या खात्यात येतात, मग वर्षभर तरी ते तिच्याच ताटात जावेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

आता पैसे वेगळे ठेवायचे कसे. सातपूर-अंबडच्या कारखान्यात महिन्याचा पगार घेणाऱ्याने पगाराच्या दिवशीच दूधवाल्याचे पैसे आणि महिन्याचा शेंगदाणा-डाळ-गूळ यांचा भार उचलून टाकावा. हातगाडीवाला, रिक्षावाला, गवंडी किंवा मालेगावचा यंत्रमाग कामगार यांचा पैसा रोजचा नाहीतर आठवड्याचा. त्यांना महिन्याचा अंदाज बांधणे जड जाते. त्यांनी आठवड्याचा हिशेब धरावा: मजुरी हाती आली की आधी साडेतीनशे रुपये आईच्या डब्यात, मग बाकीचे. धंदा मंदावला तर आधी बाहेरचा नाश्ता, बिस्किटे, कुरकुरे आणि थंड पेये बंद करावीत. दोन महिने ही सवय लागली तर बाळंतपणाच्या गडबडीत ती मोडत नाही, म्हणून पाचव्या-सहाव्या महिन्यातच सुरुवात केलेली बरी.

चाळीस दिवसांचा खर्च वेगळा धरावा. डिंक, खारीक, खोबरे, गूळ, मेथ्या, बाळंतशेपा आणि आळीव. (आळिवाला काही घरांत हलीम म्हणतात, त्यावरून नव्या नवऱ्याने भलतीच तयारी करू नये.) हे सामान आठव्या महिन्यात थोडे थोडे भरून ठेवले तर एकदम अंगावर येत नाही. बदाम-काजूवाचून लाडू होत नाहीत हा गैरसमज आहे, शेंगदाणे-तिळाचे लाडूही तेवढेच काम करतात. पहिले बाळंतपण माहेरी असेल तर हा सारा बोजा मुलीच्या अब्बांवर ढकलून मोकळे होण्याची रीत आहे. रीत असेल, पण नफका सासऱ्यावर नाही, नवऱ्यावर आहे. माहेरी पाठवताना जावयाने सामानाचे पैसे सोबत द्यावेत, यात कोणाचा कमीपणा नाही. भेटायला येणाऱ्यांनीही मिठाईऐवजी डझनभर अंडी किंवा अर्धा किलो खारीक आणली तर काय बिघडेल?

सर्वांत महाग पडते ते डब्याचे दूध. तीन-चार महिन्यांचे बाळ दिवसाला साधारण आठशे मिलिलीटर पिते, त्याला शंभर ग्रॅमहून जास्त पावडर लागते. म्हणजे चारशे ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो, महिन्याला सात-आठ डबे. एवढ्या पैशांत आईचा वर सांगितलेला आहार निघून वर शिल्लक राहते. बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करायला आपल्या देशात 1992 च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. काही मातांना खरोखर दूध येत नाही किंवा आजारपण असते, तिथे डॉक्टर सांगतील तसे करावे आणि त्या आईला बोल लावू नये. पण "दूध कमी वाटते" म्हणून डबा आणण्याआधी आईचे ताट तपासावे. ऐपत नसताना आणलेला डबा पुरवायचा म्हणून त्यात पाणी जास्त घातले जाते, आणि बाळ वाळत जाते.

सहा महिन्यांनंतर घरचीच मऊ खिचडी, कुस्करलेले अंडे, नागलीचे सत्त्व, केळे. बाळाचे वेगळे असे बाजारी काही लागत नाही.

अकीक्यासंबंधी लिहिताना आम्ही जरा कचरतो, कारण भावना गुंतलेल्या असतात. अकीका सुन्नत आहे, ऐपत असलेल्याने आनंदाने करावा. ऐपत नसेल तर गुन्हा नाही. पण उधारीवर मंडप घालून दोनशे माणसे जेवू घालायची आणि त्याच महिन्यात बाळंतिणीचे दूध बंद करायचे, हे कोणत्या सुन्नतीत बसते? बकरा करून गोश्त वाटून देता येते, दावत त्याचा भाग नाही. ज्यांना दोन्ही झेपते त्यांनी जरूर करावे, मात्र आधी आईच्या डब्यातले पुढच्या सहा महिन्यांचे पैसे मोजून.

शेवटी एक कागदी काम. बाळाची जन्मनोंद 21 दिवसांच्या आत करावी, दवाखान्यात प्रसूती झाली असली तरी ती झाली की नाही हे विचारून घ्यावे. दाखला मिळाला की रेशनकार्डावर बाळाचे नाव घालण्याचा अर्ज द्यावा. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिना पाच किलो धान्य मिळते आणि त्यात बाळही मोजले जाते. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून चाळीस दिवस सरण्याची वाट पाहू नये, बाळाच्या अब्बांनी पहिल्याच महिन्यात अर्ज देऊन पोच घ्यावी.